आईसाठी आणलेली लाखाची पिशवी

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी कोल्हापूरची, वय साठ. घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश आणि उरलेल्या कापडाच्या बाजाराच्या पिशव्या. यजमान एसटीत कंडक्टर होते, त्यांना महिन्याला तीन हजार पेन्शन मिळते. मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पगार चांगला, लग्न व्हायचंय. दिवाळीला त्यानं माझ्यासाठी एक पिशवी आणली. मोठा खोका, त्यात कागद, कागदात कापडाची थैली आणि थैलीत पिशवी! निळ्या-लाल चौकड्यांची, आपण गावाला जाताना अंथरूण-पांघरूण भरतो ना, अगदी तशी. मला हसूच आलं. म्हटलं, "अरे, कापडाच्या अशा दहा पिशव्या मी एका दुपारी शिवते." तो काही बोलला नाही. नंतर लेकीनं मोबाईलवर दाखवलं, पिशवीची किंमत एक लाख आठ हजार. बारा हप्त्यांवर घेतलीय. म्हणजे आमच्या यजमानांची तीन वर्षांची पेन्शन. मला रात्रभर झोप नाही. सकाळी त्याला म्हटलं, परत करून ये. तो म्हणाला, "आई, तुला काहीही आणलं तरी चूकच असतं." तेव्हापासून रोज फोन येतो, पण 'जेवलीस का, बाबांनी गोळी घेतली का' एवढंच. पिशवी कपाटात आहे. यजमान म्हणतात, विकून टाक. माझं चुकलं का? आणि खरं सांगा, अशा वस्तूंना एवढे पैसे देणारी माणसं वेडी असतात का? मी आजवर एका पिशवीचे चाळीस रुपयांच्या वर घेतलेले नाहीत.

उत्तर :

ताई, नमस्कार.

हसलात त्यात तुमचं काही चुकलं नाही. पिशव्या शिवणाऱ्या बाईसमोर पिशवी आली, तिच्या मनात आलं ते ती बोलली. 'परत करून ये' हे मात्र त्याला लागलं. तुम्ही पैशांबद्दल बोलत होतात, त्याला ते स्वतःबद्दल वाटलं. भेटीचं बोलणं आणि पैशांचं बोलणं एकात एक मिसळलं की घरोघरी हेच होतं. ही दोन्ही बोलणी आता वेगवेगळी करायची आहेत. ते जमेल, कारण तो रोज फोन करतोय. मनातून तुटलेला मुलगा बापाची गोळी विचारत नाही.

कसं बोलायचं ते पुढे सांगते. आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ही माणसं वेडी नसतात. २०१७ साली बालेंसियागा या फॅशन कंपनीनं एक मोठी निळी चामड्याची पिशवी विकायला काढली, किंमत २,१४५ डॉलर, तेव्हाचे सुमारे एक लाख अडतीस हजार रुपये. आयकिया या स्वीडिश दुकानात अगदी तशी दिसणारी निळी पिशवी तेव्हा ९९ सेंटला मिळत होती. लोक तिच्यात धुवायचे कपडे, विटा, काय वाटेल ते भरतात. मग आयकियानं जाहिरातच दिली, आमची खरी पिशवी कशी ओळखाल? हलवून बघा, चुरचुर वाजली तर खरी. चिखलात टाका आणि बागेच्या पाइपनं धुवा, निघाली तर खरी. २०२२ मध्ये त्याच बालेंसियागानं कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी, तोंडाला दोरी असलेली चामड्याची पिशवी १,७९० डॉलरला काढली. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीनं २०१७ मध्ये रोजच्या वापरातल्या वस्तू चांदीत घडवल्या : पत्र्याच्या डब्यासारखा दिसणारा डबा १,००० डॉलर, लोकरीच्या गुंड्यासारखा चांदीचा गुंडा ९,००० डॉलर. कागदाला लावायच्या क्लिपच्या आकाराची, नोटा अडकवायची, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीची क्लिप १८५ डॉलरला होती.

आणि आता २०२५ ची गोष्ट. त्याच प्राडानं रंगीत दोऱ्यानं विणलेली सेफ्टी पिन ७७५ डॉलरला ठेवली, म्हणजे जवळपास एकोणसत्तर हजार रुपये. सेफ्टी पिन! तुमच्या बांगडीला या क्षणीही एखादी अडकवलेली असेल, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. ही पिन वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसानं १८४९ साली शोधून काढली आणि तिचे सगळे हक्क ४०० डॉलरना विकून टाकले. ज्यानं ती डोक्यातून काढली त्याला ४०० मिळाले, आणि पावणेदोनशे वर्षांनी तिच्यावर थोडा दोरा गुंडाळणाऱ्याला एकेका पिनेचे ७७५. मला हा हिशेब फार बोचतो.

लोक का घेतात, याचं उत्तर थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १८९९ मध्येच देऊन ठेवलं आहे. त्यानं चमच्याचं उदाहरण घेतलं होतं. हातानं घडवलेला चांदीचा चमचा दहा-वीस डॉलरचा, यंत्रावरचा अॅल्युमिनियमचा दहा-वीस सेंटचा, आणि तोंडात घास घालायला दोन्ही सारखेच. मग जास्तीचे पैसे कशाचे? हे मला परवडतं, एवढं चार लोकांना दिसावं याचे. त्याच्या काळी त्यासाठी चांदी लागायची. आता चांदी पुष्कळांकडे आहे, म्हणून खेळ एक पायरी पुढे गेला. कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी लाखाला घेतली की रस्त्यावरच्या माणसाला ती कचऱ्याचीच वाटते, पण ज्याला कळायचं त्याला कळतं. त्या कळणाऱ्यांच्या गोटात शिरायचं ते तिकीट असतं. आणि मोठ्या तिकिटांइतकीच छोटी तिकिटंही खपतात. दहा लाखांची बॅग घेणारे थोडे, पण क्लिप, किल्लीची साखळी, सपाता, लाखाच्या आसपासची पिशवी घेणारे नोकरदार तरुण अनेक. या कंपन्यांचा मोठा गल्ला अशाच वस्तूंवर भरतो. तुमचा मुलगा याच काउंटरवर उभा होता.

तुमच्या चौकड्यांच्या पिशवीचीही एक गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत असावी असं वाटतं. चौकड्यांची ही स्वस्त प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे घर सोडून निघालेल्या माणसाची पिशवी. १९८३ साली नायजेरियानं लाखो घानावासीयांना दोन आठवड्यांच्या मुदतीत देशाबाहेर काढलं, तेव्हा त्यांनी आपला संसार या पिशव्यांत कोंबला. त्या भागात आजही ही पिशवी त्याच हकालपट्टीच्या नावानं ओळखली जाते. आपल्याकडे ती रेल्वेच्या जनरल डब्यात, एसटीच्या टपावर दिसते. यजमानांनी तर अशा किती बघितल्या असतील. लुई व्हिताँ या फ्रेंच फॅशन कंपनीनं २००७ च्या आपल्या संग्रहात हीच चौकडी बॅगवर आणली, आणि पुढे इतरांनीही. गरिबाची नड उचलायची आणि तिची श्रीमंताच्या हातातली गंमत करायची, हे मला पटत नाही. तुमच्या मुलाच्या मनात यातलं काहीही नसणार. पण तुम्हाला रात्रभर झोप आली नाही त्याचं कारण नुसती रक्कम नसावी. आपल्या रोजच्या जगण्यातली वस्तू कोणीतरी लाख रुपये लावून परत आपल्याच हातात दिली, याचा त्रास होतोच. तो मनाचा कोतेपणा मानू नका.

आता माझं एक ऐका. पिशवी कपाटातून काढा. दुपारच्या उजेडात बसा, चष्मा लावा. गिऱ्हाईक दुसरीकडे शिवलेला ब्लाऊज दुरुस्तीला आणतं तेव्हा तुम्ही तो आधी उलटा करता. तशीच ही पिशवी उलटी करा.

टाके मोजा. बोटभर अंतरात इकडे जेवढे, तेवढेच तिकडे आहेत का? कोपऱ्यात वळताना टाका आखडलाय का? कापडात टीप चुकली तर आपण उसवतो आणि पुन्हा घालतो. चामड्यात तसं चालत नाही, सुई गेली की भोक कायमचं, चूक झाली की तो तुकडाच बाद. म्हणून सरळ, एकसारखी टीप दिसली तर समजा की चांगल्या हातानं शिवलंय. मग घडी दाबून बघा. चामडं दुमडण्याआधी त्याची कड तासून पातळ करावी लागते, नाहीतर शिवणीत जाड गाठ येते, जशी जीन्स आखूड करताना येते. ज्या कडा उघड्या सोडल्यात त्या घासून रंगाचे थर दिलेत का, की नुसतं कापून सोडलंय? बंद कुठे जोडलेत ते आतून बघा. वजन सगळं तिथंच येतं. आतून जादा पट्टी दिली असेल, टीप उलट फिरवून पक्की केली असेल तर छान. अस्तर हातानं ओढून बघा. चेन चार वेळा उघडा-मिटा. आणि बाहेरचं कातडं खरंच कातडं आहे का तेही बघा. कित्येक महागड्या बॅगांचा बाहेरचा भाग प्लॅस्टिकचा थर दिलेल्या जाड सुती कापडाचा असतो, आणि खाली ते बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं.

हे मी तुम्हाला वेळ घालवायला सांगत नाही. या पिशवीवर अधिकारानं बोलणारं तुमच्या घरात एकच माणूस आहे, ते तुम्ही. 'महाग आहे' असं कोणीही म्हणेल. 'शिवण उत्तम आहे पण बंद कच्चा जोडलाय' हे तुम्हीच म्हणू शकता. आणि असं काही तुम्ही मुलाला फोनवर सांगितलंत, तर आपण आणलेली वस्तू आईनं हातात घेऊन नीट बघितली, हे त्याला कळेल. त्याला तेच हवं होतं.

समजा काम अव्वल निघालं. तरी लाखातले किती रुपये त्या कामाचे? २०२४ मध्ये इटलीत मिलानच्या न्यायालयात एक प्रकरण आलं. डिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीची २,६०० युरोला विकली जाणारी हँडबॅग जोडून देण्याचे पोटकंत्राटदाराला मिळत होते ५३ युरो. चामडं वेगळं. म्हणजे साधारण दोन लाख चौतीस हजारांच्या बॅगेमागे शिवणावळ पावणेपाच हजारांच्या आसपास. मिलानजवळच्या त्या कारखान्यांत कामगार कामाच्या जागीच झोपत होते, आणि काम लवकर उरकावं म्हणून यंत्रांची सुरक्षेची साधनं काढून टाकलेली होती. न्यायालयानं कंपनीच्या त्या उत्पादन विभागावर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. आणखी एक ऐका. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीनं २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला. स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरेल म्हणून! लोक खवळले, मग २०१८ मध्ये ही पद्धत बंद करत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. ज्या मालावर कोणाचे तरी डोळे आणि पाठ खर्ची पडली तो जाळण्यापर्यंत मजल जाते, यावरून त्या किमतीत कामाला किती मान आहे ते समजा.

तुमच्या शहराला हे नव्यानं सांगायला नको. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. तुमच्याकडे केवढा संताप झाला होता! २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. नंतर कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा कुठून आली ते मान्य केलं, माणसं कोल्हापुरात पाठवली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचं जाहीर केलं. किंमत जोडाला ८०० युरोंच्या आसपास. आरडाओरडा झाला म्हणून एवढं तरी झालं, ते चांगलंच झालं. पण चप्पल लाईनच्या दुकानांत जाऊन, हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या, एक खिळा न मारता वादीनं शिवलेल्या चपलेत पन्नास रुपये कमी करा म्हणून अडून बसणारी गिऱ्हाइकंही आपल्यातलीच असतात. मिलानवाल्यांनी दाम दिला नाही म्हणून आपण चिडतो, आणि इथे आपणही देत नाही.

आणि ताई, आता जरा परखड बोलते. चाळीस रुपये हे तुमच्याच पत्रातलं आहे. चाळीस रुपयांत कापड, दोरा, मशीनची वीज, बंद आणि तुमची दुपार. कापड उरलेलं असलं तरी दुपार उरलेली नसते. दहा पिशव्यांचे चारशे, त्यातून खर्च वजा जाता हातात काय पडतं? तुम्ही लिहिलंत की तुम्हाला हसू आलं. पत्र पुन्हा वाचताना मला त्या हसण्यात दुखणंही दिसलं. आपल्या हातच्या पिशवीला जगानं चाळीस दिले आणि तशाच पिशवीला आपल्या मुलानं लाख मोजले. हे दुखणं खरं आहे आणि त्यात मुलाचा दोष नाही. यापुढे साध्या पिशवीचे शंभर घ्या, अस्तर आणि आतला खिसा असलेलीचे दोनशे घ्या. चार गिऱ्हाइकं कुरकुर करतील, दोन जातील. जाऊ देत. एक पिशवी किती वर्षं टिकते ते त्यांना ठाऊक आहे.

मुलाशी बोलायचं कसं, ते आता. पहिला फोन फक्त पिशवीचा. त्यात पैशांचं नाव काढायचं नाही. तो ऑफिसात असताना करू नका, यजमान शेजारी बसून मान हलवत असताना तर नकोच, आणि व्हॉट्सअॅपवर लिहून तर अजिबात नको. त्याला म्हणा, "मी पिशवी आज नीट बघितली. त्या दिवशी हसले ते तुला हसले नव्हते. आणलीस त्याचा आनंद सांगायचा राहून गेला." मग शिवणीबद्दल काय दिसलं ते सांगा. आणि एवढंच विचारा, "एवढ्या दुकानात हीच का घेतलीस रे?"

विचारल्यावर थांबा. मधे बोलू नका. त्याचं उत्तर काय असेल ते मला माहीत नाही. पण विचार करा, मशीनच्या आवाजात वाढलेला मुलगा, ज्यानं आईला तुकडे जोडून पिशव्या शिवताना बघितलंय, गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी हुज्जत घालताना ऐकलंय. एका चकचकीत दुकानाच्या काचेआड त्याला तशीच पिशवी दिसते आणि खाली लाखाची पाटी. त्याच्या मनात काय आलं असेल? कदाचित काहीच नाही, नुसतं नाव बघून घेतली असेल. कदाचित पुष्कळ काही. ते त्याच्या तोंडून ऐकण्याचा हक्क तुमचा आहे, आणि 'परत करून ये' म्हटल्यावर त्याला ते सांगायला जागाच उरली नाही.

पैशांचं बोलणं त्यानंतर, वेगळ्या दिवशी, शक्यतो तो घरी आल्यावर. तेही एकदाच. त्याच्या कमाईचा तो मालक आहे. चांगला पगार असलेल्या, डोक्यावर संसार नसलेल्या मुलाला महिना नऊ हजारांचा एक हप्ता बुडवणार नाही. काळजी एका हप्त्याची नसते, असे किती चालू आहेत त्याची असते. मोबाईलचा, गाडीचा, सहलीचा, आणि आता पिशवीचा. तेवढं विचारा. क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पुरतं भरतो का, हे नक्की विचारा. थोडं भरून बाकी पुढे ढकललं की त्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, वर्षाला चाळीसच्या घरात. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दावर त्यानं विसंबू नये. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावानं लपवलेलं असतं. कार्डावरच्या हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी लागतो तो वेगळा. शेवटचं विचारा, नोकरी गेली तर सहा महिने घरभाडं निघेल एवढं बाजूला आहे का? तिन्ही उत्तरं समाधानाची आली तर हा विषय तिथेच मिटवा आणि पुन्हा काढू नका, तीन वर्षांच्या पेन्शनचा हिशेब तर त्याला कधीच ऐकवू नका. बापाची पेन्शन तुटपुंजी आहे हे त्याला ठाऊक आहे, तो रोज गोळी विचारतो ते त्यातूनच. उत्तरं डळमळीत आली तर मात्र गप्प बसू नका. आणि उत्तरं काहीही येवोत, पुढच्या दिवाळीला काय हवं ते आपणहून सांगा. तुमचं जुनं मशीन पायाचं असेल तर चांगली मोटर, नाहीतर फॉल-पिकोचं नवं मशीन. मुलांना आईला काय द्यावं ते खरंच सुचत नाही. 'मला काही नको' असं आपण म्हणत राहिलो की ती दुकानाची पाटी बघून ठरवतात.

विकण्याबद्दल यजमानांना माझा निरोप द्या की घाई करू नका. मोजकी काही मॉडेलं सोडली तर अशी पिशवी दुकानाबाहेर पडली की तिचा भाव उतरतो, जुन्या बॅगा घेणारे खोका, थैली, बिल सगळं मागतात आणि तरी निम्म्याच्या आसपास बोलतात. परत देण्याची मुदतही बहुधा संपली असेल. अशी पुष्कळ दुकानं पैसे देतच नाहीत, फक्त वस्तू बदलून देतात, अटी बिलावर छापलेल्या असतात. आणि मुलाला न विचारता विकली तर आज जे अवघडलेपण आहे ते कायमचं होईल. पुढे कधी त्यालाच वाटलं की विकून मशीन घेऊ, तर खुशाल विका.

तोवर वापरा. भाजीला नको, ओल्या मेथीच्या जुडीनं चामड्यावर डाग पडतो. लग्नकार्याला, लेकीकडे जाताना न्या. कोणी किंमत विचारली तर सांगायला तुम्ही बांधील नाही, 'मुलानं आणली' एवढं पुरे. तुमच्याकडे पावसाळा दमट, तेव्हा प्लॅस्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवू नका, चामड्याला बुरशी येते. तिच्याबरोबर आलेल्या कापडाच्या थैलीत ठेवा, आत जुन्या सुती साडीचा बोळा भरा, महिन्यातून एकदा सावलीत वारा द्या. उन्हात नको. आणि बिल मुलाकडून मागून घ्या. बंद सुटला किंवा चेन अडकली तर दुकानवाले दुरुस्तीला तेच मागतात, आणि लाख रुपये घेणाऱ्यांनी ती दुरुस्ती नीट करून दिली पाहिजे.